लियाबाईंचा युरोप

युरोपचा नकाशा कुणी समोर पसरला की मला अजून वालाचे दाणे आठवतात. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, "मॉम, यू आर सो वीअर्ड." असू दे वीअर्ड. तिला लियाबाई आठवतात त्या फक्त चिक्की देणाऱ्या लिया आँटी म्हणून. मला मात्र त्या सबंध आठवतात, आणि हल्ली जरा जास्तच.

आम्ही टोरोंटोत आलो तेव्हाची, सत्तरच्या आसपासची गोष्ट. अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये कपडे धुवायची मशीनं होती. मी नवखी, नवरा कामावर, आणि ते मशीन माझी नाणी गिळून गप्प बसलेलं. इथे कुणाला कळतंय, या भरवशावर मी त्याला लाथ घालून चांगल्या साताऱ्याकडच्या शिव्या देत होते. मागून आवाज आला, "अगो बाय, त्याच्या आईला कशाला मधी आणतेस? उजवीकडचं बटण दाब."

वळून बघते तर गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, पांढरे बूट, आखूड केस, चांगली हाडापेराची उंच बाई. मला वाटलं गोव्याची असेल. "तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मग काय चिनी? चौलची मी. ज्यू. आता तोंड मिट आणि बटण दाब."

बटण दाबलं, मशीन सुरू झालं. अलिबागकडे मराठी बोलणारे ज्यू असतात हे मी ऐकून होते, पण बघितलेल्या पहिल्या या लिया चौलकर. मुंबईत नर्स होत्या, इथेही हॉस्पिटलात नर्स. विधवा, मूलबाळ नाही. आमच्याच मजल्यावर राहायच्या. त्या दिवसापासून त्यांनी मला दत्तकच घेतलं म्हणा ना. घरात शिरल्या की आधी माझी जीभ बघायच्या. "पांढरी आहे. रात्री चहा प्यायलीस." नवऱ्याला सर्दी झाली की त्याच्या छातीला कान लावायच्या आणि तो बिचारा इंजिनिअर माणूस लाजून लाल व्हायचा. रडगाणं त्यांना खपायचं नाही. मी थंडीबद्दल, सासूबाईंच्या पत्राबद्दल, मुलीच्या इंग्लिश बोलण्याबद्दल कुरकुर सुरू केली की त्या शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "झालं? आता पुढचं बोल." पहिल्यांदा मला राग आला होता. मग सवय झाली. आता असं कुणी म्हणत नाही, तर कुरकुर संपतच नाही माझी.

शनिवारी त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लावायच्या आणि शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत चूल नाही, गाडी नाही, आणि हातात पेन नाही. बाकी आठवडाभर ही बाई हॉस्पिटलात धावत असायची, त्यामुळे शनिवारची दुपार तेवढी मोकळी. त्या मोकळ्या दुपारी त्या युरोप काढून बसायच्या.

मोटार क्लबातून आणलेला मोठा नकाशा होता. तो जेवायच्या टेबलावर पसरायचा. लिहायचं तर नाही, मग वाट कशी आखणार? तर वालाच्या बरणीतून मूठभर दाणे काढायचे आणि एकेक ठेवत जायचं. ॲमस्टरडॅमपासून सुरुवात, मग बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि रोमला शेवट. जिथे मुक्काम तिथे दोन दाणे. शुक्रवारी दुपारी पोचून शनिवारी जिथून हलायचं नाही तिथे तीन. जर्मनीवर रिकामा कप उपडा, म्हणजे तिकडे जायचंच नाही. "माझी बहीण सिगुला, तिच्या शेजारणीच्या हातावर जर्मनांच्या छावणीतला आकडा गोंदलाय. सिगुला म्हणते, मी त्या मातीवर पाय ठेवणार नाही. मग कशाला वाद?" संध्याकाळी तारे दिसले की दाणे परत बरणीत, नकाशाची घडी कपाटात. कागदावर काही उतरवायच्याच नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा ॲमस्टरडॅमपासून, आणि दर वेळी वाट थोडी वेगळी. एकदा मुलीनं फ्रान्समधल्या दिजाँजवळचा दाणा तोंडात टाकला तर लियाबाई ओरडल्या, "थूक, थूक! मुक्काम खाल्लास!"

"लियाबाई, शनिवारी काम चालत नाही ना तुम्हाला?" मी चिडवायची. "मग हे काय?"

"हे काम कुठेय? हा खेळ आहे."

खेळ नव्हता तो. सिगुला म्हणजे त्यांची थोरली बहीण, इस्राएलमध्ये राहायची. मी एकदा सरळ विचारलं, बहिणीला भेटायचं तर विमानात बसा आणि तिच्या घरी जा, हा पाच देशांचा वळसा कशाला? त्यावर त्या बराच वेळ दाणे चाळवत बसल्या. मग जे सांगितलं ते एका दमात सांगितलं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला सगळं कुटुंब मुंबईहून तिकडे गेलं होतं. लियाबाई, त्यांचे यजमान सॉलोमन, सिगुलाचा संसार आणि या दोघींची आई. सॉलोमनच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं, ते नोंदवायला सॉलोमन गेले. तिथल्या एका कारकुनानं विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? तुमच्या आजीची आजी कोण होती ते सिद्ध करा. जन्मभर ज्यूंच्या देवळात प्रार्थना म्हणणारा माणूस तो! तसेच बाहेर आले, महिन्याभरात बायकोला घेऊन मुंबईला परतले आणि दोन वर्षांत हाय खाऊन गेले. लियाबाईंनी शपथ घेतली, त्या देशात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. निघताना सिगुला म्हणाली होती, "एका कारकुनासाठी आईला टाकून चाललीस? मग मीसुद्धा तुझ्या दारात कधी यायची नाही."

आई सिगुलाकडेच राहिली आणि लियाबाई कॅनडात आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात तिकडे वारली. शपथ होती, लियाबाई गेल्या नाहीत.

"सिगुलानं कळवलं, आई गेली, शांतपणे गेली. बस, इतकंच. नंतरच्या पत्रांत हवापाणी आणि भाजीचे भाव. मला एकच विचारायचंय गो मंदा. आईनं शेवटी माझं नाव घेतलं का? हे पत्रात विचारता येत नाही. फोनवर तर नाहीच, खरखर आणि धावपळ."

"मग कुठल्याही गावी भेटा की दोघी. हॉटेलात बसा."

"समोरासमोर बसलो की आम्ही भांडतो. लहानपणापासून. एकमेकींची तोंडं दिसली की संपलं. गाडीत शेजारी बसलं की दोघींनी पुढे बघायचं असतं. तिथं बोलता येईल." आणि मग हळूच, मला वाटतं लाजून, म्हणाल्या, "शिवाय तिला बघू तर दे मी गाडी चालवते ते. बैलगाडीत पुढे बसायचा मान कायम तिचा असायचा."

तर एवढ्यासाठी युरोप. दोघींपैकी कुणाचंच दार नसलेला मुलूख.

गाडी त्या इथेच शिकल्या, चाळिशी उलटल्यावर. चालवायच्या मात्र झकास. विंटर टायर स्वतः बघून घ्यायच्या, बर्फ स्वतः शोव्हल करायच्या. रविवारी तालीम असायची. मोठ्या तळ्याच्या कडेकडेनं व्हिटबी गावापर्यंत जायचं आणि परत. मी शेजारी. एकदा अशाच निघालो आणि हायवेला लागल्यावर म्हणाल्या, "आता तू सिगुला. बोल."

"मी काय बोलू? मी तर त्यांना पाहिलंही नाही!"

"तक्रार कर. ती तक्रार करते."

मी म्हटलं, "लिया, फार गार वारा येतोय गं."

"छे! सिगुला 'गं' म्हणत नाही, 'गो' म्हणते. आणि नाक मुरड."

"तुम्ही पुढे बघताय. मी नाक मुरडलं ते तुम्हाला कसं कळणार?"

"कळतं. मुरड."

मुरडलं. मग मी रंगात आले आणि वाटेत येईल त्याला नावं ठेवत सुटले, खिडकी, सीट, कॉफी, त्यांचा फ्रॉक. लियाबाई खूष. हसून हसून एका वळणावर गाडी जवळजवळ गटारात. व्हिटबी जवळ आलं तसं घसा खाकरून म्हणाल्या, "सिगुला, आई..." आणि पुढे शब्दच फुटेना. मी सिगुलाच्या आवाजात "काय गो?" म्हटलं. पण त्यांनी मान हलवली, व्हिटबीत डोनट घेतले आणि आम्ही परत आलो. कितीदा तरी त्या रस्त्यानं गेलो असू. "आई" च्या पुढे गाडी कधी गेली नाही.

त्र्याहत्तर साली पहिल्यांदा खरंच ठरलं. सिगुलानं होकार कळवला, सणवार आटोपले की निघायचं. आणि नेमकं त्यांच्या उपासाच्या दिवशीच तिकडे युद्ध पेटलं. सिगुलाचा एकुलता मुलगा आघाडीवर. लियाबाई कामावरून आल्या की रेडिओला कान लावून बसायच्या, जेवायच्या नाहीत. मी ताट घेऊन गेले की म्हणायच्या, "ठेव तिथं," आणि दुसऱ्या दिवशी ते तसंच मिळायचं. मुलगा धड परत आला. पण सिगुला त्याला सोडून हलेना. पुढे पेट्रोल महागलं. मग एका जानेवारीत बिल्डिंगच्या दारात लियाबाई बर्फावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वर्षं अशी गेली. मधल्या काळात आम्ही मार्कहॅमला घर घेतलं. पण शनिवारी दुपारी मी यायचीच. पाय स्टुलावर टाकून त्या टेबलाशी बसलेल्या असायच्या. "आल्प्स आपण खिंडीतून ओलांडायचा. बोगदा आहे, पण बोगद्यातून जाणार नाही. काय दिसणार बोगद्यात? सिगुलाला खिंड दाखवायची. अलिबागच्या कार्लेखिंडीपेक्षा मोठी खिंड तिनं पाह्यलेली नाही." हे त्या अशा सांगायच्या की जणू उद्या सकाळी निघायचंय. इतकी वर्षं एखादी गोष्ट इतक्या आशेनं मांडायची आणि संध्याकाळी गोळा करून ठेवायची, हे मला नसतं जमलं.

आणि एकोणऐंशी साली सिगुलाचा पुन्हा होकार आला, मे महिन्यात त्या युरोपला निघाल्या! आदल्या रविवारी मलिदा केला. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, पाच फळं, एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं. ही त्यांची नवसाची रीत. मी नारळ खवता खवता म्हटलं, "नवस फेडतात ना काम झाल्यावर? तुम्ही आधीच?"

"जाण्याआधी एक, आल्यावर एक. एलियाहूला घाई नाही, मला आहे."

तीन आठवड्यांनी परत आल्या. मी पिठलं-भाकरी घेऊन धावत गेले. दार उघडताच म्हणाल्या, "मागे बसली!"

"कोण?"

"सिगुला! ॲमस्टरडॅमला गाडीचं पुढचं दार उघडून धरलं मी. ती मागचं दार उघडून आत. म्हणे पुढे मला धडकी भरते, मुलगाही मला मागेच बसवतो. इतकी वर्षं मी शेजारी बसण्यासाठी घालवली आणि पाच देश त्या बाईची ड्रायव्हर झाले! मागून हुकूम. हळू घे. खिडकी लाव. बेल्जियम संपला का गो?"

मी कपाळाला हात लावला आणि हसत सुटले. त्याही हसल्या, डोळे पुसले. मग भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली.

"आरशात दिसायची मला. मी विचारायला तोंड उघडलं की आरशात तिचे डोळे. लगेच भांडण. फ्रान्सभर भांडलो. स्वित्झर्लंडात पोचलो तर खिंड बंद. मेमध्येही वर बर्फ. मी रस्त्यावर उतरून त्या पोलिसाशी वाद घातला, तो म्हणाला बोगद्यातून जा. गेलो. आत शिरल्यावर आरशात काही दिसेना. नुसता पिवळा उजेड आणि काळं. सिगुला मागून म्हणाली, 'लिया, तू विचारत का नाहीस?'"

मी त्यांच्या पुढचं ताट बाजूला सरकवलं.

"मी म्हटलं, काय विचारू? ती म्हणाली, 'आईचं. मी वाट बघतेय ॲमस्टरडॅमपासून.' मग मी विचारलं. माझं नाव घेतलं का तिनं? सिगुला हसली गो. कडू हसली. म्हणाली, 'दुसरं काही घेतलंच नाही. मी पाणी द्यायची, तर म्हणायची, लिया, ठेव. मी अंग पुसायची, तर लिया, हळू. मी म्हणायची आई, मी सिगुला, लिया इथं नाही, तर रडायला लागायची. मग मी लियाच झाले. शेवटचा सगळा हिवाळा लिया म्हणून ओ दिली. गेली तेव्हा माझा हात धरून, लियाचाच हात धरलाय असं समजून गेली. माझं नाव कुणी घेतलंच नाही. तुला कसं लिहू हे?'"

लियाबाई पदर नसलेल्या फ्रॉकच्या बाहीनंच तोंड पुसत होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपलं नाव निघालं नसणार. आणि नाव निघालं होतं ते दुसरीच्या वाट्याचं ओढून घेऊन.

"मग काय केलंत?"

"काय करणार? बोगद्यात थांबता येत नाही. चालवत राहिले. बाहेर आलो, इटली. गाडी कडेला घेतली, उतरले, मागचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, सिगुला. सिगुला. सिगुला. ती म्हणाली, 'कळलं, कळलं, आता गाडी कोण चालवणार?'" मग त्या म्हणाल्या, "मी इथं शपथ सांभाळत बसले होते, मंदा. आणि ती तिकडे माझ्या नावानं आईचं करत होती."

मला वाटलं, आता शपथ मोडून सिगुलाकडे जातील. गेल्या नाहीत. नव्या वर्षाच्या आधी त्यांच्यात एक रीत असते. तीन जणांसमोर उभं राहून घेतलेल्या शपथांतून सोडवणूक मागायची, तिघांनी 'मोकळी' म्हणायचं. लियाबाई दर वर्षी जायच्या, बाकी सगळ्या सोडवून यायच्या, ही एक ठेवायच्या. इटलीनंतरही ठेवली. मी चिडून म्हटलं, आता कोणाशी भांडताय? तर म्हणाल्या, "सिगुलानं ये म्हटलं नाही. ती म्हणेल तर बघू." दोघी एकाच पिठाच्या! शनिवारचा नकाशा मात्र बंद झाला. दुपारी मी गेले की त्या खिडकीशी बसलेल्या असायच्या, हात मांडीवर. मला त्या मोकळ्या टेबलाकडे बघवायचं नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. सिगुलाची नजर गेली होती आणि भानही राहिलं नव्हतं. लियाबाईंनी दोन दिवसांत त्यांच्या मंडळींतली तीन माणसं गाठली. नवं वर्ष अजून लांब होतं, पण त्या म्हणाल्या, मला आत्ता सोडवा. त्यांनी सोडवलं. महिन्याभरात घर आवरलं, गाडी विकली. परत यायचं तिकीट काढलं नव्हतं.

एअरपोर्टवर मी नेलं. वाटभर मी बडबड केली, कारण गप्प बसले असते तर रडले असते. शेवटी न राहवून म्हटलंच, "लियाबाई, तिथं मुलगा आहे, सून आहे. तुमची बहीण ओळखणारसुद्धा नाही तुम्हाला. या वयात कशाला?"

"ती दिवसभर हाका मारते म्हणे. लिया, लिया. आणि सून ओ देते, काय करेल बिचारी." पर्समधून पासपोर्ट काढून त्यांनी मुठीत धरला. "एकदा झालं ते झालं. या वेळी माझ्या नावाला मी ओ देणार. दुसरी कुणी नाही."

मला मिठी मारली, माझी जीभ बघितली, "ठीक आहे" म्हणाल्या आणि रांगेत शिरल्या. खुब्यामुळे थोड्या लंगडत होत्या. रांग पुढे सरकली, त्या काचेच्या दारापाशी पोचल्या, आता वळणार आणि दिसेनाशा होणार. मला सांगायचं असं काही नव्हतं. तरी मी घसा ताणून हाक मारली, "लियाबाई!"

वळल्या नाहीत. पण चौलच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सगळी रांग दचकून बघायला लागली इतक्या मोठ्यानं, त्या म्हणाल्या, "ओ!"